भाजावळीचा धूर आणि घरातलं दम्याचं मूल

गुहागर हे लांबट गाव. पश्चिमेला समुद्र, त्याला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या, पूर्वेला डोंगर. आमचं वरकस, म्हणजे उताराची भरड जमीन, त्या डोंगरावर. मुलगी नऊ वर्षांची, तिला दमा आहे. पावसाळ्यात भिंतींची ओल आणि बुरशी तिला बाधते, आंब्याच्या मोहोरावर फवारणी असली की त्या दिवशी खोकते. पण खरा घोर मार्च ते मे. भाजावळ (भाताची रोपं करायच्या जागेवर शेण-पाला जाळणं), सड्यावरचे म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावरचे वणवे, परसात काजूबिया भाजणं, सगळं एकाच वेळी.

आधी वारा ओळखायला शिका. दिवसा जमीन तापली की साधारण दहा-अकरापासून समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि धूर डोंगराकडे नेतो. रात्री जमीन लवकर निवते, मग मतलई वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहू लागतो. गार हवा जड असते, ती वर उठत नाही. त्यामुळे उतारावर जे काही धुमसत असेल त्याचा धूर सरळ खाली वाड्यांत येऊन बसतो.

हे मला कळलं ते दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात. राब, म्हणजे भाजावळीसाठी रचलेला थर, संध्याकाळी पेटवला, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि आग पसरत नाही. खाली शेण, त्यावर कवळ (तोडलेल्या डहाळ्या) आणि पातेरा (सुका पाला), वरून मातीचा थर. शेण पुरतं वाळलेलं नव्हतं. जाळ विझला, पण आत धुमसत राहिलं. रात्री दोनला जाग आली तेव्हा मुलगी दोन्ही हात गादीवर टेकून, खांदे उचलून बसली होती. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. दार उघडून बॅटरी मारली, तर पोफळींच्या बुंध्यांमधून कमरेएवढा धूर साचलेला. तो आमच्याच राबाचा होता. स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून पंप दिला आणि तसंच दवाखान्यात नेलं.

तेव्हापासून आम्ही सकाळी ऊन वर आल्यावर, नऊच्या सुमारास, काडी लावतो. दव उडालेलं असतं, धूर वर चढतो, आणि खारा वारा जोर धरायच्या आत जाळ आटोपतो. भर दुपारी मात्र कधीच पेटवू नका, वणवा लागेल. शेण आणि कवळ खडखडीत वाळू द्या. ओला माल धुमसतो, आणि धुमसणारा राब जाळापेक्षा कितीतरी जास्त धूर सोडतो. भोवतीचं गवत आधी काढा, पाण्याची पिंपं भरून ठेवा. दुपारी काठीने राख उकरून बघा, आत निखारे दिसले तर पाणी मारा. सूर्य मावळताना राबातून धुराची रेघसुद्धा निघता कामा नये. वाडीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे ज्यांच्या घरी म्हातारं माणूस किंवा दम्याचं मूल आहे त्यांना तयारी करता येते.

घरात एक खोली राखून ठेवा. कौलारू घरात कौलं आणि भिंतींमधून धूर येतोच, म्हणून वर माळा असलेली खोली निवडा. रात्री डोंगराकडच्या खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओलं फडकं. दुपारी खारा वारा आला की समुद्राकडच्या खिडक्या सताड उघडा. त्या खोलीत अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल काही नको. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. तोंडाला ओला रुमाल बांधून बारीक धूलिकण अडत नाहीत. एन-९५ मास्क अडवतो, पण मोठ्यांचा मास्क मुलाच्या गालांवर घट्ट बसत नाही, त्यामुळे मूल घरात ठेवणंच बरं.

फोनवरच्या समीर ॲपमधला हवेच्या प्रदूषणाचा आकडा १०१ ते २०० असेल तर त्याला 'मध्यम' म्हणतात, पण दमेकऱ्याला तेवढ्यानेही त्रास होऊ शकतो. शिवाय तो आकडा जिथे यंत्र आहे तिथला. तुमच्या वाडीत काय साचलंय ते त्यात दिसत नाही. आम्ही पहाटे डोंगराची कड बघतो. पुसट दिसली की मुलीचं सकाळचं खेळणं बंद.

डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला पंप, मूल बरं दिसतंय म्हणून आपल्या मनाने थांबवू नका. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

यंदा आम्ही भाताची अर्धी रोपं न भाजता केली. गादीवाफे (उंच केलेले वाफे), कुजलेलं शेणखत, आणि पेरणीआधी विहिरीचं पाणी देऊन तण उगवू दिलं नि उपटलं. तरी नंतर तण जास्त आलं, ते आई आणि मी दोन सकाळी बसून काढलं. रोपं दोन्हीकडची सारखीच उठली. पुढच्या वर्षी सगळे वाफे असेच करणार आहोत.