युरोपा युनिव्हर्सालिस 4: पहिला देश निवडताना या चुका टाळा

युरोपा युनिव्हर्सालिस 4 हा इतिहासातला एखादा देश चालवायचा कॉम्प्युटर गेम. ‘गेम फालतू आहे, अनइन्स्टॉल केला’ असं कुणी म्हणालं की मी एवढंच विचारतो, देश कोणता घेतला होतास? दहातल्या सहा जणांचं उत्तर बायझंटाईन असतं, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचं (आजचं इस्तंबूल) पूर्व रोमन साम्राज्य. उरलेल्यांना मराठे सापडलेले नसतात.

बायझंटाईन घेऊन उस्मानींना (ऑटोमन तुर्कांना) संपवायला निघणं

खेळ सुरू होतो 11 नोव्हेंबर 1444 ला, उस्मानींनी जिंकलेल्या वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी. पोलंड-हंगेरीचा राजा आदल्याच दिवशी रणात पडलाय आणि कॉन्स्टँटिनोपलच्या चहूबाजूंनी उस्मानी मुलूख आहे. इतिहासात हे शहर 29 मे 1453 ला पडलं. नवख्याच्या हातात ते तेवढंही टिकत नाही.

माझ्या मावसभावाने एक व्हिडिओ बघितला. त्यात बायझंटाईन दहा वर्षांत उस्मानींना आशियात ढकलून देतं. पठ्ठ्याने त्याच रात्री गेम टाकला. कर्जं काढली, भाडोत्री सैन्य उभं केलं, उस्मानी फौज अनातोलियात (आशियातल्या तुर्की मुलखात) गुंतल्यावर युद्ध पुकारलं आणि गॅली (वल्ह्यांची लढाऊ जहाजं) युरोप-आशियामधल्या सामुद्रधुनीत नेऊन उभ्या केल्या. आता ते पलीकडेच अडकणार, अशी त्याची खात्री. पण दार्दनेल्सचे दोन्ही काठ उस्मानींच्या ताब्यात होते. दोन्ही काठ ज्याचे, त्याची फौज शत्रूची जहाजं मध्ये असली तरी पार होते. ती झाली. मग वेढा, मग कर्जाचं व्याज, मग दिवाळखोरी. रात्री दोनला फोन: ‘दादा, गेममध्ये बग आहे.’

बग नव्हता. गेलिबोलू (दार्दनेल्सचा युरोपकडचा काठ) आधी घ्यायचं असतं हे व्हिडिओवाल्याला माहीत होतं, आणि मनासारखी सुरुवात मिळेपर्यंत त्याने किती वेळा रीस्टार्ट मारला ते त्याने दाखवलं नव्हतं. भावाला तोवर सैन्याचं मनोबल कुठे दिसतं तेही ठाऊक नव्हतं.

माझी सवय अशी. देश निवडून गेम उघडला की पॉज काढायचा नाही. प्रत्येक शेजाऱ्यावर क्लिक करायचं: फौज किती, दोस्त कोण, आपल्याला रायव्हल (जाहीर प्रतिस्पर्धी) कोणी धरलंय. एखादा शेजारी आपल्या दुपटीहून मोठा असेल आणि त्याच्याविरुद्ध उभा राहील असा दोस्त मिळत नसेल, तर मेनूत परत. देशाचा झेंडा, इतिहास, राजाचं नाव, हे सगळं नंतर. आधी शेजार.

मराठे शोधत बसणं

हा आपला खास घोळ. 1444 मध्ये शिवरायांच्या जन्माला अजून 186 वर्षं आहेत. दख्खनवर बहामनी, राजधानी बीदर. तुंगभद्रेच्या खाली विजयनगर. मराठा राज्य गेममध्ये आहे, पण ते मराठी संस्कृतीच्या राज्यातून, अटी पूर्ण करून, पुढे घडवावं लागतं. ते पहिल्या डावाचं काम नव्हे. मग काही हुशार मंडळी सुरुवातीची तारीखच सतराव्या-अठराव्या शतकात नेतात. तसं करता येतं, पण त्या तारखांकडे निर्मात्यांनी कधी फारसं लक्ष दिलेलं नाही आणि सगळा तोल 1444 धरून बांधलाय. अभिमान समजू शकतो, घाई नाही. मातीतलंच काही हवं असेल तर विजयनगर घ्या. पहिलं युद्ध बहामनींशी होणार, आणि ते बरोबरीचं असेल.

उस्मानी घेणं

नवख्यांना सगळे हेच सुचवतात. मी सुचवत नाही. जिंकाल, भरपूर जिंकाल, आणि काहीच शिकणार नाही. कर्ज कधी काढावं, तह कधी करावा, आक्रमक विस्तार (मुलूख बळकावल्यावर शेजाऱ्यांत साठणारा राग) किती झाला की सगळे मिळून अंगावर येतात, यातलं काही त्या डावात बोचत नाही. पुढच्या डावात लहान देश घेतला की एकदम सगळं बोचतं.

बाकीच्या, थोडक्यात

रिउक्यू (जपानच्या दक्षिणेचं छोटं राज्य): एका बेटावरून जग जिंकण्याची अचिव्हमेंट आहे म्हणून ते घेऊ नका.

पवित्र रोमन साम्राज्यातलं (जर्मन मुलखातल्या संस्थानांच्या समूहातलं) एका प्रांताचं संस्थान: आधी साम्राज्याचे नियम कळू द्या, मग जा.

पहिल्याच डावात आयर्नमॅन (जुन्या सेव्हवर परत जाता न येणारा मोड): कशाला?

पहिली लढाई हरली की रीस्टार्ट: हरलेलं युद्ध तहाने कसं मिटवायचं हे तुम्हाला कधीच येणार नाही.

पाच नंबरचा वेग: दोन नंबरवर खेळा. कुठे जायचंय एवढ्या घाईने?

जुने गाईड: आधी कोणत्या पॅचसाठी (गेमच्या आवृत्तीसाठी) लिहिलंय ते बघा.

मग घ्यायचं काय?

पोर्तुगाल किंवा कॅस्टिल (आजच्या स्पेनचा मोठा भाग). पोर्तुगालला युरोपात जमिनीवरून भिडणारा शेजारी एकच, कॅस्टिल. त्याला दोस्त केलं की पाठ सुरक्षित आणि पुढे समुद्र मोकळा. मी स्वतः शिकवायला बसलो की कॅस्टिल देतो, कारण तिथे सगळं थोडं थोडं आहे: दक्षिणेला छोटा ग्रनाडा, पूर्वेला आरागॉन, ज्याच्याशी लग्नाच्या घटनेतून राज्यं एकत्र येऊ शकतात, आणि पुढे अमेरिका. वारस एनरिके मात्र तिन्ही गुणांत (प्रशासन, मुत्सद्देगिरी, लष्कर) शून्य आहे. लोक त्याला बेदखल करून मोकळे होतात. माझ्याकडे शिकणाऱ्याला मी ते करू देत नाही. नालायक राजाखाली दहा वर्षं काढली की राजाच्या गुणांवर मिळणारे पॉइंट जपून वापरायला हात आपोआप शिकतो.

आणि ग्रनाडावर जाण्याआधी त्याचा उत्तर आफ्रिकेतला दोस्त कोण आहे ते बघा. मोरोक्को किंवा ट्युनिस असेल तर आधी जहाजं मोजा. युद्ध पुकारल्यावर फोन करू नका.