प्राथमिक शाळेत भोंडला कसा करावा

सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो आणि त्याच्या मागेपुढे घटस्थापना येते. याच दिवसांत मुली पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात. पुण्याकडे या खेळाला भोंडला म्हणतात, कोल्हापूर-सांगलीकडे तो हादगा होतो आणि सोळा दिवस चालतो, तर विदर्भ-खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाई बसते. शाळेत हा खेळ घेताना पहिला निर्णय नावाचा करावा लागतो आणि तो सोपा आहे: गावात जे नाव चालते तेच फळ्यावर लिहावे. जळगावकडच्या शाळेने फळ्यावर ‘भोंडला’ लिहिले, तर ज्या आजींकडे या गाण्यांचा खरा साठा आहे, त्यांना हा दुसऱ्या कोणाचा तरी कार्यक्रम वाटेल.

तयारीचा आरंभ गाण्यांपासून करावा आणि तोही किमान पंधरा दिवस आधी. ध्वनिवर्धकावर तयार गाणी लावून मुलांना त्याभोवती फिरवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती मला मान्य नाही, कारण त्यात मुलांचा आवाज ऐकूच येत नाही आणि एका ध्वनिमुद्रणातले शब्द सगळ्या जिल्ह्यांचे शब्द होऊन बसतात. त्याऐवजी तिसरी-चौथीतील प्रत्येक मुलाला एका गाण्याचे काम द्यावे. घरातल्या किंवा शेजारच्या आजींकडून ते ऐकावे, वहीत उतरवावे आणि खाली त्या आजींचे माहेरचे गाव कोणते व गाणे त्या कोणाकडून शिकल्या, हेही लिहावे. पहिली-दुसरीची मुले दोन कडवी पाठ करून आली तरी पुष्कळ झाले. वहीत आलेले बोलीतले शब्द लाल शाईने प्रमाण करू नयेत, आणि एकाच गाण्याचे तीन वेगवेगळे शेवट आले तर तिन्ही जपावेत. आमच्या वर्गात एकदा असे तीन शेवट आले होते, आणि कोणाची आजी बरोबर यावर मुले दोन दिवस वाद घालत होती. त्या दोन दिवसांत ते गाणे साऱ्या वर्गाला तोंडपाठ झाले.

जमलेल्या गाण्यांतून निवड मात्र शिक्षकांनी करावी. यातील बरीच गाणी सासर-माहेराची आहेत आणि काहींत सुनेचा छळ हसत-खेळत सांगितलेला असतो, कारण ती म्हणणाऱ्या मुलींची लग्ने कोवळ्या वयात होत असत. मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवणारा कायदादेखील १९२९ साली आला, हे चौथीच्या मुलांना सांगितले तर सासूकडे माहेरी जाण्याची परवानगी मागणारी ती सून जवळजवळ आपल्याच वयाची होती, हे त्यांना उमगते. अशी एक-दोन गाणी समजावून घ्यावीत, मारझोडीची वगळावीत आणि उरलेला वेळ गणपतीच्या आरंभीच्या गाण्याला व मुलांना मनापासून आवडणाऱ्या वेड्याच्या गाण्याला द्यावा.

दिवस ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात. प्रथम सत्राच्या परीक्षेच्या आठवड्यात हा कार्यक्रम घेऊ नये. शनिवारची सकाळची शाळा त्यासाठी सर्वांत सोयीची. ज्या गावांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसऱ्यानंतर बाहेर पडतात, तेथे भोंडला दसऱ्याआधीच व्हावा, म्हणजे त्या घरांतील मुलांच्या वाट्याला तो येतो. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे तारीख आणि खिरापतीची जबाबदारी समितीच्या बैठकीतच ठरवावी.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्यावी. पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २८ सांगतो. म्हणून शाळेत गाणी, फेर आणि खिरापत यांवर भर द्यावा; पूजेचा आग्रह धरू नये आणि ज्या पालकांची इच्छा नसेल त्यांच्या मुलांना हत्ती रंगवणे, गाण्यांची वही सांभाळणे अशी मानाची कामे द्यावीत. मुलगे फेरात असावेतच, त्यांना बाकांवर बसवून टाळ्या वाजवायला लावू नये. सोलापुरातल्या तेलुगू घरांत याच सुमारास फुलांची बतुकम्मा रचून स्त्रिया तिच्याभोवती गातात, आणि गुजराती घरांत गरबा असतो, ज्याचा २०२३ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. वर्गात अशा घरांतील मुले असतील तर त्यांच्या आईला एक फेर शिकवण्याची विनंती करावी. मध्यभागी काहीतरी ठेवून गात फिरण्याचे हे तिन्ही प्रकार एकमेकांशेजारी पाहणे हा मुलांसाठी मोठा ठेवा आहे.

जागेचा हिशेब साधा आहे. हात धरून फिरताना एका मुलाला सुमारे एक मीटर परीघ लागतो, म्हणजे २० मुलांच्या रिंगणाचा व्यास साडेसहा मीटरच्या आसपास जातो. मुले याहून अधिक असतील तर लहानांचे आतले आणि मोठ्यांचे बाहेरचे अशी दोन रिंगणे करून ती उलट दिशांनी फिरवावीत. मधल्या पाटावर खडूने हत्ती काढून तांदूळ, डाळी आणि झेंडूच्या पाकळ्यांनी तो मुलांनीच भरावा. सोंड वाकडी झाली तर तशीच राहू द्यावी. हादग्याच्या भागात भिंतीवर समोरासमोर उभ्या दोन हत्तींचे चित्र लावून त्याला फुलाफळांच्या माळा घालतात. मैदान ओले असेल तर वर्गातील बाके बाहेर काढून तेथेच फेर धरावा, कारण हस्ताचा पाऊस विचारून येत नाही.

प्रत्यक्ष फेर ४० मिनिटांपेक्षा लांबवू नये. गाणे एका आजींनी उचलावे आणि मुलांनी मागून म्हणावे. दर दोन गाण्यांनंतर फिरण्याची दिशा बदलावी, नाहीतर पहिलीतल्या मुलांना गरगरते.

यानंतर येते ती खिरापत, आणि माझ्या मते मुले अर्धा भोंडला हिच्यासाठीच खेळतात. प्रत्येक वर्गाचा एक झाकलेला डबा असावा आणि आत काय आहे हे त्या वर्गाखेरीज कोणालाही ठाऊक नसावे. बाकीच्यांनी डबा हलवल्यावर येणारा आवाज ऐकावा, मग गोड की तिखट, कोरडे की ओले, तळलेले की भाजलेले, असे प्रश्न विचारत नाव ओळखावे. वाटली डाळ, मक्याची उसळ, राजगिऱ्याचे लाडू, चुरमुऱ्यांचे भडंग हे पदार्थ स्वस्त असून शंभर मुलांनाही पुरवता येतात. ज्या मुलांना शेंगदाणे किंवा दूध सोसत नाही, त्यांची नावे आधीच विचारून ठेवावीत आणि त्यांच्यासाठी वेगळा डबा करावा. तोही झाकलेलाच असावा, म्हणजे ओळखण्याचा आनंद त्यांनाही मिळतो. महाग पदार्थ आणण्याची चढाओढ सुरू होऊ नये म्हणून प्रत्येक घरातून फक्त एक वाटी कच्चे जिन्नस मागवावेत आणि शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंच्या मदतीने खिरापत तेथेच करावी. मात्र हे जास्तीचे काम त्यांच्यावर न विचारता टाकू नये, आणि फेरात त्यांना आजींच्या शेजारी जागा द्यावी.

सोमवारी वर्गात गाण्यांची वही पुन्हा उघडावी. कोणते गाणे कोणी उचलले, कोणते अर्ध्यावर विसरले आणि कोणता डबा कोणालाच ओळखता आला नाही, हे मुलांनी आपल्या अक्षरात नोंदवावे. मग ती वही शाळेच्या वाचनपेटीत ठेवावी आणि पुढच्या आश्विनात नव्या तिसरीच्या हाती द्यावी.