म्हाताऱ्या कुत्र्याला निरोप देण्याचा निर्णय कसा घ्यावा

घरात बारा-चौदा वर्षे वावरलेला कुत्रा उठेनासा झाला, की आपल्या खानदेशातल्या बऱ्याच घरांत त्याला गोठ्याच्या कडेला किंवा निंबाच्या सावलीत निजवतात आणि तो आपोआप जाईल या आशेवर वाट पाहतात. मोत्याच्या वेळी मीही तेच केले. आठ दिवस वाट पाहिली. त्या आठ दिवसांत त्याच्या मांडीवरच्या जखमेत अळ्या पडल्या, आणि पाणी पाजायला जवळ बसलो की मान न उचलता तो फक्त शेपटीचे टोक हलवत असे. ते टोक अजून डोळ्यांपुढून जात नाही. पुढे राणी म्हातारी झाली तेव्हा मी वेळेवर विचार केला, घरच्यांशी बोललो, डॉक्टरांना प्रश्न विचारले आणि एका सकाळी तिला दयामरण दिले. दुःख दोन्ही वेळी सारखेच झाले, पण मोत्याच्या वेळची टोचणी राणीच्या वेळी नव्हती. ज्यांच्या दारात आज असाच म्हातारा जीव पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पहिली सूचना अशी, की कुत्रा मरणपंथाला लागला आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी ठरवू नये. आपल्याकडे वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात म्हातारा कुत्रा दिवसभर धापा टाकत पडून राहतो, भाकरीला तोंड लावत नाही, हाक मारली तरी उठत नाही. दुपारी तीन वाजता पाहिलेल्या या अवस्थेवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. त्याला ओल्या गोणपाटावर, वारा लागेल अशा जागी ठेवावे आणि पहाटे पाच-सहाच्या सुमारास, हवा थंड असताना, तो कसा वागतो ते तीन-चार दिवस पाहावे. पहाटेही त्याची तीच स्थिती असेल तर मात्र प्रश्न उन्हाचा नाही.

दुसरी फसवणूक गोचीड तापाची. गोचीड चावल्याने होणाऱ्या या आजारात कुत्र्याच्या रक्तातल्या, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट कमी होतात, हिरड्या पांढुरक्या पडतात, नाकातून रक्त येऊ शकते आणि चांगला हिंडता-फिरता कुत्रा चार दिवसांत मरायला टेकल्यासारखा दिसतो. कुत्रा म्हातारा असला की सगळे म्हणतात, वय झाले. प्रत्यक्षात रक्ताची तपासणी करून योग्य प्रतिजैविक वेळेवर सुरू केले आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा सुमारे चार आठवडे, न चुकता दिले, तर अनेक कुत्री यातून उठतात. तिसरी गोष्ट तोल जाण्याची. म्हाताऱ्या कुत्र्याची मान अचानक एका बाजूला कलते, डोळ्यांची बुबुळे भराभर हलू लागतात, तो गोल फिरून पडतो आणि ओकारी काढतो. घरचे पक्षाघात समजून हात टेकतात. पण कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतला हा बिघाड पुष्कळदा दोन-तीन दिवसांत ओसरू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत कुत्रा पुन्हा चालू लागतो. म्हणून कुत्रा एकाएकी पडला असेल तर घाई करू नये. तो कित्येक महिन्यांपासून पायरी-पायरीने उतरत आला असेल, तर विचाराला सुरुवात करावी.

तपासणीसाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात जावे, अथवा शहरातल्या खासगी डॉक्टरांकडे. डॉक्टरांना नेमके विचारावे: आजार कोणता, तो बरा होणारा आहे की फक्त आटोक्यात राहणारा, औषधाने वेदना किती कमी होईल, आणि उपचार केले नाहीत तर पुढचे दिवस कसे जातील. मूत्रपिंडे कायमची निकामी होत आली असतील तर सलाईनने थोडे दिवस तरतरी येते, पण गेलेली मूत्रपिंडे परत येत नाहीत. हे आधी समजले तर प्रत्येक सलाईनमागे खोटी आशा लागून राहत नाही. या काळात घरातली माणसांची वेदनाशामके कुत्र्याला कधीही देऊ नयेत. डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेन यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडांना इजा होते. चांगल्या हेतूने दिलेल्या एका गोळीने त्याच्या यातना वाढलेल्या मी पाहिल्या आहेत.

आजार बरा होणारा नाही हे कळल्यानंतर एक वही करावी. या सगळ्या लेखातली ही एकच गोष्ट कोणी लक्षात ठेवली तरी माझे समाधान होईल, कारण निर्णय चुकतो तो बहुधा एखाद्या वाईट रात्रीच्या किंवा एखाद्या चांगल्या सकाळच्या भरवशावर. रात्री तो कण्हला की वाटते आता पुरे, आणि सकाळी त्याने दोन घास खाल्ले की वाटते अजून आठ दिवस जाऊ द्यावेत. असे करता करता महिना जातो आणि त्या महिन्याचा भार कुत्रा वाहतो. वहीत रोज एकाच वेळी, एकाच माणसाने, चार ओळी लिहाव्यात.

काय लिहावे यासाठी ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांनी मांडलेली पद्धत उपयोगी आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यायचे. स्थिती जितकी चांगली तितके गुण अधिक. वेदनेच्या बाबीत श्वासाचाही विचार करायचा, कारण श्वास लागणे ही कुत्र्याला फार मोठी यातना असते. बेरीज ३५ च्या वर असेल तर काळजी घेत पुढे जाता येते, आणि ती सतत खाली राहू लागली तर डॉक्टरांशी दयामरणाविषयी बोलावे. स्वच्छतेला आपण कमी लेखतो. स्वतःच्या लघवीत पडून राहावे लागणे हे, आयुष्यभर अंगणाबाहेर जाऊनच विधी करणाऱ्या कुत्र्याला, किती जड जाते ते त्याच्या डोळ्यांत दिसते. शिवाय आपल्या हवेत ओल्या कातडीवर माशी बसायला आणि अळ्या पडायला एक दिवस पुरतो.

या गुणांच्या जोडीला मी राणीच्या स्वतःच्या तीन सवयी लिहून ठेवल्या होत्या: माझ्या मोटारसायकलचा आवाज ओळखून फाटकापर्यंत येणे, ताकात कुस्करलेली कळण्याची भाकरी खाणे, आणि शेतावर वर्षाच्या बोलीने राहणाऱ्या सालदारामागे केळीच्या बागेपर्यंत जाणे. तिसरी सवय आधीच सुटली होती. घरच्यांनी एका शांत संध्याकाळी बसून असे ठरवले, की तिन्ही सुटल्या आणि सलग पाच दिवस परत आल्या नाहीत, तर थांबायचे नाही. ही रेघ कुत्रा बरा असतानाच आखावी लागते. त्याच्या उशाशी बसून ती आखता येत नाही.

वेदना ओळखणेही शिकावे लागते, कारण कुत्री फार क्वचित ओरडतात. रात्री जागा बदलत राहणे, थंडीतही धापा टाकणे, एकच सांधा चाटत राहणे, अंग थरथरणे, हात लावला की तोंड फिरवणे, आणि आयुष्यभर न चावलेल्या कुत्र्याने गुरगुरणे, ही सगळी वेदनेची भाषा आहे. तो ओरडत नाही म्हणून त्याला दुखत नाही, हे समाधान आपण स्वतःला देऊ नये.

घरातले मोठे बहुधा पापाचा प्रश्न काढतात. कुत्रा खंडोबाचा, दत्ताच्या पायाशी बसणारा, त्याला कसे मारावे, असे ते म्हणतात. या बोलण्याचा राग मानू नये, त्यामागे त्या जिवाविषयीची मायाच असते. माझ्या आईचा विरोध मी वाद घालून मोडला नाही. तिला वही वाचून दाखवली आणि रात्री दोन वाजता राणीजवळ बसवले. सकाळी ती स्वतःच म्हणाली, "आते तिले जाऊ द्या." कायद्याचे म्हणाल, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने क्रूर पद्धतीने प्राणी मारण्यास मनाई केली आहे, पशुवैद्याने आजारी जिवाला वेदनारहित मरण देणे त्यात येत नाही. विष घालणे, गावातल्या कोणाकडून तरी इंजेक्शन टोचून घेणे किंवा त्याला दूर नेऊन सोडणे हे मात्र गुन्हाही आहे आणि त्या जिवाचा विश्वासघातही आहे.

डॉक्टरांशी दिवस ठरवताना पद्धत मोकळेपणाने विचारावी. योग्य रीतीत आधी स्नायूत गुंगीचे इंजेक्शन देतात आणि काही मिनिटांत कुत्रा गाढ झोपतो. मग पुढच्या पायाच्या शिरेत सुई लावून पेंटोबार्बिटल किंवा थायोपेंटोन यांसारख्या भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात, तिने शुद्ध हरपते, श्वास थांबतो आणि हृदय थांबते. काही ठिकाणी शेवटी मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराइड वापरतात. ते पूर्ण भूल चढल्यानंतरच दिले पाहिजे, शुद्धीवर असलेल्या कुत्र्याला देणे अत्यंत क्लेशदायक असते. "आधी पूर्ण झोपवणार ना?" एवढा प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे आणि चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. गेल्या १० दिवसांत कुत्रा कोणाला चावला असेल तर तेही न लपवता सांगावे, कारण रेबीजच्या दृष्टीने ते महत्त्वाचे असते. संमतीपत्रावर सही आणि पैसे हे आदल्या दिवशीच उरकून ठेवावे, म्हणजे त्या क्षणानंतर कोणाला पाकीट शोधत उभे राहावे लागत नाही.

शक्य असेल तर डॉक्टरांना घरी बोलवावे आणि उन्हाळ्यात सकाळी आठच्या आतली वेळ घ्यावी. दवाखान्यातच जायचे असेल तर तेही पहाटेच, गर्दी होण्यापूर्वी. दिवस ठरवताना ज्यांना निरोप घ्यायचा आहे त्यांचा विचार करावा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, म्हणून चार दिवस थांबण्याचा मोह होतो. कुत्र्याची वेदना औषधाने आटोक्यात असेल तरच थांबावे, नाहीतर लेकीला फोन करून आधी बोलवावे. सालदाराला विसरू नये. वर्षानुवर्षे शेतात त्याच्या मागे फिरलेला कुत्रा त्याचाही असतो, आणि तो स्वतःहून दुःख बोलून दाखवणार नाही.

शेवटचे खाणे थोडे आणि काही तास आधी द्यावे, पोट भरलेले असेल तर गुंगीच्या औषधाने ओकारी होऊ शकते. जवळ बसायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, परंतु ओळखीचे एक तरी माणूस डोक्याशी असावे आणि त्याने नेहमीच्याच आवाजात बोलत राहावे. पुढे काय दिसेल ते आधी माहीत असावे: डोळे मिटत नाहीत, लघवी-शौच होऊ शकते, आणि हृदय थांबल्यावरही एखादा खोल श्वास घेतल्यासारखी छाती हलते किंवा पायाचा स्नायू उडतो. तो शुद्धीवर आल्याची ती खूण नसते. डॉक्टर स्टेथोस्कोपने नीट तपासून सांगेपर्यंत थांबावे. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला त्या वेळी दूर ठेवून नंतर हुंगू द्यावे.

मुलांना "झोपला" किंवा "गावाला गेला" असे सांगू नये. मूल झोपेला घाबरू लागते किंवा महिनोन्महिने वाट पाहते. तो खूप आजारी होता, बरा होणार नव्हता, डॉक्टरांनी औषध दिले आणि तो मेला, आता त्याला दुखत नाही, एवढे सरळ सांगितले तर मुले ते मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात.

खड्ड्याची व्यवस्था आधी करावी, कारण आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते आणि पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते. खड्डा किमान चार फूट खोल, विहीर आणि नाल्यापासून लांब असावा. देह चादरीत किंवा गोणपाटात गुंडाळावा, प्लास्टिकमध्ये नको. माती दाबून वर दगड आणि बाभळीच्या काट्या टाकाव्यात. दयामरणासाठी दिलेल्या औषधांचा अंश देहात टिकून राहतो आणि तो देह उकरून खाणारा कोल्हा, गिधाड, कावळा किंवा गावातले दुसरे कुत्रे त्याने मरू शकते, म्हणून तो उघड्यावर किंवा गिरणा-पांझरेच्या पात्रात कधीही टाकू नये. शहरात स्वतःची जागा नसेल तर महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे आधीच चौकशी करून ठेवावी.

नंतरचे दिवस प्रत्येकाचे वेगळे जातात. फाटक उघडताना पाय आपोआप जपून पडतो, उरलेली भाकरी हातात घेऊन माणूस अंगणात उभा राहतो. "कुत्रंच तर होतं" असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याची गरज नाही. पण झोप, जेवण आणि काम आठवडेच्या आठवडे सुटले तर डॉक्टरांना भेटावे, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या विनामूल्य क्रमांकावर बोलावे, तिथे मराठीत बोलता येते. नवे पिल्लू लगेच आणू नये. उरलेल्या गोळ्या डॉक्टरांना परत कराव्यात, शेजारच्या कुत्र्याला देऊ नयेत.

वही मात्र टाकू नये. दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रात्री मन म्हणू लागते, की घाई केली, अजून महिनाभर जगली असती. राणी गेल्यानंतर माझेही असेच झाले आणि मी उठून वहीचे शेवटचे पान काढले. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते: "पाणी चमच्याने पाजले. रात्रभर धाप. गाडीचा आवाज ऐकला, मान वळवली, उठता आले नाही. पाचवा दिवस."