हस्तकलेच्या वस्तूसाठी गुळगुळीत, जलरोधक लेप कसा निवडावा

कागदाच्या लगद्याचा एक ट्रे मी तीन आठवडे खपून केला होता. वरच्या बाजूला वॉर्निशचे चार हात दिले होते; बोट फिरवलं तर कुठे अडखळत नव्हतं. महिन्याभरात त्याची कड फुगली आणि वरच्या थराचे पापुद्रे सुटले. वरून पाण्याचा थेंबही आत गेला नव्हता. तळाला मात्र मी एकच पातळ हात दिला होता, आणि ओल्या टेबलावर ठेवला की ट्रे खालून पाणी ओढत होता. तेव्हापासून मी डब्यावरचं नाव नंतर वाचते. आधी वस्तू हातात घेऊन, उलटसुलट करून बघते, की हिला पाणी कुठून लागणार आहे आणि किती वेळ.

पायरी १ : पाणी किती, ते ठरवा

शिंतोडे उडणं किंवा ओल्या फडक्याने पुसणं एवढंच असेल, तर ॲक्रिलिक वॉर्निशने भागतं. पेल्याखाली पाणी साचून राहणार असेल, तर पॉलियुरेथेन (टणक थर देणारं वॉर्निश) किंवा इपॉक्सी (दोन द्रव मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) लागतं. उन्हापावसात राहणाऱ्या वस्तूला अतिनील किरणांना तोंड देणारं, बाहेरच्या वापराचं वॉर्निश हवं. डब्यावर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलं असेल, तर ते फक्त काही काळ पाणी अडवतं. त्याला ‘वॉटरप्रूफ’ समजू नका.

हवेवर वाळणाऱ्या मातीची फुलदाणी कितीही हात दिले तरी पाणी भरून ठेवण्याजोगी होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी माती आतून मऊ पडते. तिच्यात काचेचा पेला बसवा आणि पाणी त्यात भरा.

पायरी २ : वस्तू कशाची, रंग कोणता

लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगतं आणि आकसतं, म्हणून त्यावरच्या थराला थोडी लवचीकता हवी. कागद आणि माती आतपर्यंत वाळलेली हवी; आत ओल कोंडली तर लेपाखाली फोड येतात किंवा पांढुरकी झाक येते. पॉलिमर क्ले ही घरच्या ओव्हनमध्ये भाजायची, प्लास्टिकची माती वेगळीच. तिच्यावर स्प्रेचा लेप किंवा नेलपॉलिश लावलं तर पृष्ठभाग चिकट होऊ शकतो, कधीकधी काही आठवड्यांनंतरसुद्धा. तिला पाण्यातलं पॉलियुरेथेन मानवतं.

रंगाचंही बघा. स्पिरिटमधल्या मार्करची शाई स्पिरिटमधल्या लेपाने पसरते, पाण्यात विरघळणारा रंग पाण्यातल्या लेपाने. ब्रश फिरताच बारीक रेघा धूसर होतात, आणि मग काही करता येत नाही.

पायरी ३ : लेप निवडा

पांढरा गोंद पाण्यात पातळ करून लावायची पद्धत सर्रास दिसते. वाळल्यावर तो पारदर्शक होतो खरा, पण साधा पांढरा गोंद ओलाव्याने पुन्हा पांढुरका आणि मऊ होतो. जलरोधक म्हणून तो धरूच नका. चपड्याची, म्हणजे लाखेची, पॉलिश सुंदर दिसते, पण साचलेल्या पाण्याने तिच्यावर पांढरं कडं उमटतं आणि स्पिरिट सांडलं तर ती विरघळते. मेण हे शेवटचं काम. एकदा मेण लावलं की त्यावर दुसरा लेप धरत नाही.

पॉलियुरेथेन दोन प्रकारांत मिळतं. तेलातलं टणक असतं, पण पिवळसर झाक देतं. लाकडावर ती छान दिसते, पांढऱ्या रंगावर मात्र डाग पडल्यासारखी वाटते. पाण्यातलं जवळजवळ रंगहीन राहतं, वास कमी असतो आणि दुसरा हात बहुधा दोन ते चार तासांत देता येतो. बहुतेक घरगुती कामांना मी हेच सुचवेन.

काचेसारखी जाड, सपाट झळाळी हवी असेल तर इपॉक्सी रेझिन. ते आपलं आपण पसरतं, म्हणून ब्रशच्या रेघा उरत नाहीत. पण त्याला शिस्त लागते. रेझिन आणि हार्डनर (त्याला कडक करणारा दुसरा द्रव) यांचं प्रमाण डब्यावर सांगितलं असेल तसंच घ्या, आणि ते वजनाने आहे की मापाने हे नीट वाचा. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर थर कायमचा मऊ राहतो. ढवळताना भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्या, मग दुसऱ्या भांड्यात ओतून पुन्हा ढवळा. न मिसळलेली धार पडली तर तेवढी रेघ वाळतच नाही. कागद, लाकूड, माती आतली हवा सोडतात आणि त्याचे बुडबुडे होतात. म्हणून आधी ब्रशने एक पातळ हात देऊन छिद्रं बुजवा, नंतर ओता. वस्तू अगदी समपातळीत ठेवा, खाली छोटे टेकू द्या आणि वर खोका पालथा घाला. एवढं करूनही उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं, आणि गरम भांड्याचा त्यावर ठसा उठू शकतो.

पायरी ४ : तुकड्यावर पाहा

त्याच लाकडाच्या किंवा मातीच्या तुकड्यावर तोच रंग, तोच लेप, तेवढेच हात द्या. लेप पूर्ण मुरल्यावर, म्हणजे आतपर्यंत टणक झाल्यावर (पायरी ६ पाहा), पाण्याचे काही थेंब टाकून वर पेला पालथा घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी पुसल्यावर पांढरं वर्तुळ, फुगवटा किंवा चिकटपणा दिसला तर लेप बदला.

पायरी ५ : आधी घासा, मग लावा

गुळगुळीतपणा डब्यातून येत नाही, खालच्या पृष्ठभागातून येतो. चकाकीखाली प्रत्येक खड्डा ठळक दिसतो. रंगवण्याआधी १५० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ ओलसर फडक्याने टिपा आणि पृष्ठभाग वाळू द्या. वॉर्निश हलवू नका, सावकाश ढवळा. हलवलं की बुडबुडे भरतात. हात पातळ द्या आणि सुकायला लागलेल्या जागी ब्रश परत नेऊ नका, रेघा तिथेच उमटतात. दोन हातांच्या मध्ये ३२० किंवा ४०० नंबरने हलकेच घासा, फक्त चकाकी मरेल इतकं. स्प्रे असेल तर २० ते ३० सेंटिमीटरवरून, वस्तूच्या बाहेर सुरुवात करून बाहेरच थांबवा. दमट दिवशी स्प्रे टाळा, थर पांढुरका पडतो.

आणि तळ, कडा, भोकांच्या आतल्या बाजू, लाकडाची आडवी कापलेली टोकं. ही टोकं सर्वांत जास्त पितात. तिथे एक हात जास्तच द्या.

खिडक्या उघड्या ठेवा. रेझिनला हातमोजे, आणि तेलातल्या लेपांना व स्प्रेला रासायनिक वाफ अडवणारा मास्क हवा. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. जवसाच्या तेलाने किंवा तेलातल्या लेपाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या बाहेर, एकेक पसरून वाळवा. खाण्यापिण्याच्या भांड्याला यांतलं काही लावायचं असेल, तर डब्यावर तसा स्पष्ट उल्लेख असेल तरच लावा.

पायरी ६ : मुरू द्या

बोटाला चिकटत नाही म्हणजे लेप मुरला असं नाही. इपॉक्सीला साधारण तीन दिवस ते आठवडा लागतो, पॉलियुरेथेनला तीन-चार आठवडेसुद्धा. तोवर पाणी लावू नका आणि वर काही ठेवू नका, वर्तमानपत्रही नाही. कच्च्या थरावर त्याची शाई उलटी उमटते आणि वाचताही येते.