मोटर कंट्रोलर जळू नये म्हणून: स्पर्धेच्या रोबोटसाठी

कंट्रोलर जळाला की टीममधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "दुसरा लाव." तिथेच थांबायला हवं. मोटर कंट्रोलर, म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसून मोटरचा वेग आणि दिशा ठरवणारा बोर्ड, आपणहून क्वचितच जातो. त्याला कशानं तरी घालवलेलं असतं, आणि ते 'काहीतरी' बहुतेक वेळा अजून रोबोटमध्येच असतं. आम्ही एकदा सरावाच्या दिवशी जळालेला कंट्रोलर काढून नवा कोरा लावला. दहा मिनिटांत त्याचाही धूर निघाला. दोष मोटरपाशी होता: ती बसवायचा स्क्रू काही मिलिमीटर जास्त लांब होता आणि आत जाऊन वाइंडिंगला, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीला, टेकला होता. दोन कंट्रोलर गेले, ते एका स्क्रूपायी.

साध्या ब्रशवाल्या मोटरच्या कंट्रोलरमध्ये चार मॉस्फेटचा, म्हणजे चार इलेक्ट्रॉनिक स्विचांचा, एक पूल असतो. कोणते दोन चालू करायचे त्यावर मोटरची दिशा ठरते, आणि सेकंदात हजारो वेळा चालू-बंद करून वेग ठरतो. मॉस्फेट बिघडतो तेव्हा तो बहुधा शॉर्ट होऊनच बिघडतो, म्हणजे कायमचा 'चालू' राहतो. म्हणून जळालेल्या कंट्रोलरची मोटर कधी एकाच दिशेला फिरते, तर कधी कमांड नसतानाही सुटते. हे नुसतं खर्चाचं प्रकरण नाही, बोटांचंही आहे.

पहिली पायरी: गिअरचा हिशेब

हा विषय कोणी कंट्रोलरच्या खात्यात धरत नाही, पण माझ्या मते निम्मं संरक्षण इथेच आहे. मोटरचा करंट टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) प्रमाणात वाढतो आणि मॉस्फेटमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. वर मॉस्फेट तापला की त्याचा रोधही वाढतो आणि तो आणखी तापतो.

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शालेय रोबोट-स्पर्धेत वर्षानुवर्षं वापरली गेलेली सिम मोटर घ्या. १२ व्होल्टवर ती जाम झाली तर सुमारे १३१ अँपिअर ओढते आणि २.४२ न्यूटन-मीटर टॉर्क देते. समजा रोबोट ५५ किलोचा आहे, चाकांची त्रिज्या ५ सेंटिमीटर, चाक आणि जमीन यांचा घर्षणांक १.१ आणि चालवायला चार मोटर. समोर भिंत आली, तर चाकं घसरण्याआधी जमिनीवर जास्तीत जास्त ५९३ न्यूटन जोर लागेल, म्हणजे चाकांवर मिळून २९.६ न्यूटन-मीटर. १० ला १ गिअर असेल तर प्रत्येक मोटरच्या वाट्याला ०.७४ न्यूटन-मीटर येतो आणि करंट सुमारे ४० अँपिअर. तोच गिअर ६ ला १ ठेवला तर करंट ६७ अँपिअरवर जातो. गिअरबॉक्समधले तोटे यात धरलेले नाहीत, पण अंदाजाला एवढं पुरतं.

पहिल्या रोबोटची चाकं ४० अँपिअरलाच घसरू लागतात, म्हणजे जमीनच कंट्रोलरला वाचवते. दुसरा रोबोट सरळ रेषेत वेगवान दिसेल, पण प्रत्येक ढकलाढकलीत कंट्रोलर भाजून काढेल. रोबोट 'फास्ट' करण्याच्या हट्टापायी हा हिशेब टाळला जातो, आणि मग दोष कंट्रोलर बनवणाऱ्याला.

छोट्या रोबोटवाल्यांसाठी एक सूचना. मॉड्यूलवर छापलेला मोठा आकडा सतत वाहता येणारा करंट असेलच असं नाही. बीटीएस७९६० चिपच्या बोर्डांवर ४३ अँपिअर लिहिलेलं असतं. ती चिप स्वतःला आवरते तो हा करंट आहे, तेवढा तासभर चालवण्याचा परवाना नव्हे. एल२९८एन या चिपच्या बाबतीत एका मोटरमागे २ अँपिअर हीच मर्यादा. मोटरचा जाम-करंट आणि डेटाशीटमधला सततचा करंट, हे दोन आकडे शेजारी लिहून मगच निवड करा.

दुसरी पायरी: जागा

ड्रिल आणि कानस जिथे चालणार त्याच्या खाली कंट्रोलर नको. ॲल्युमिनियमचा कीस हा या खेळातला सर्वांत गुपचूप शत्रू आहे. उघड्या टर्मिनलमध्ये किंवा पंख्यातून आत गेलेला एक कण महिनाभर पडून राहतो आणि नेमका धक्का बसला की दोन पायांमध्ये आडवा होतो. बसवलेल्या रोबोटवर भोक पाडायचंच असेल तर बॅटरी काढा, इलेक्ट्रॉनिक्सवर कापड टाकून कडा टेपने बंद करा, आणि एकानं ड्रिलच्या टोकाशी व्हॅक्यूमची नळी धरावी. हवेचा फवारा मारू नका, त्यानं कीस आणखी आत ढकलला जातो.

कंट्रोलरभोवती हवा खेळेल एवढी जागा ठेवा. दोन कंट्रोलर एकमेकांना चिकटवून वर पॉलिकार्बोनेटचं झाकण घालणं म्हणजे त्यांना दुलईत गुंडाळणं.

तिसरी पायरी: वायरिंग, आणि त्याआधी मल्टिमीटर

बऱ्याच कंट्रोलरना उलट्या ध्रुवांपासून संरक्षण नसतं. उलटी बॅटरी लागली की मॉस्फेटमधल्या अंगच्या डायोडांतून सरळ वाट मिळते आणि खेळ क्षणात संपतो. बॅटरीची वायर चुकून मोटरच्या बाजूला लावली तरी गत तीच. म्हणून कंट्रोलर लावण्याआधी त्याच्यासाठी आणलेल्या दोन वायर मोकळ्या, एकमेकींपासून दूर ठेवा, मेन स्विच चालू करा आणि लाल प्रोब लाल वायरला, काळा काळ्याला लावून बघा. आकड्यासमोर वजाचं चिन्ह आलं, तर तुम्ही एक कंट्रोलर वाचवलात. मग स्विच बंद करूनच वायर जोडा.

वायरची जाडी ब्रेकरच्या मानानं घ्या: ४० अँपिअरमागे निदान १२ गेज, म्हणजे सुमारे ३.३ चौरस मिलिमीटर. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये सुटे तंतू कोंबू नका, लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) लावा. प्रत्येक क्रिंप, म्हणजे दाबून बसवलेला जोड, जोरात ओढून बघा. निघणार असेल तर तुमच्या हातात निघू दे, सामन्यात नको. मोटरच्या टर्मिनलवर मोठा कपॅसिटर बसवायची कल्पना कुणी काढली तर तीही नको, कारण प्रत्येक स्विचिंगला तो मॉस्फेटमधून करंटचा झटका ओढतो.

ब्रेकर (करंट जास्त झाला की तोडणारा स्विच) आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो तापून तुटणारा असतो. ४० चा ब्रेकर ८० अँपिअर काही सेकंद खुशाल जाऊ देतो आणि मॉस्फेटला मरायला मिलिसेकंद पुरतात. ब्रेकर वायर वाचवण्यासाठी असतो.

चौथी पायरी: सांगाडा बॅटरीपासून वेगळा आहे ना?

रोबोटच्या धातूच्या सांगाड्याला बॅटरीचं एकही टोक लागता कामा नये. एक वायर सोलवटून सांगाड्याला टेकली तर काहीच होत नाही, आणि हीच फसगत आहे. रोबोट आठवडाभर उत्तम चालतो. मग दुसऱ्या ध्रुवाची एखादी वायर टेकते आणि सांगाड्यातूनच शॉर्ट होतो. बॅटरी काढा, मेन ब्रेकर चालू ठेवा आणि रोबोटच्या बाजूच्या बॅटरी-कनेक्टरच्या प्रत्येक टोकापासून सांगाड्याच्या रंग नसलेल्या जागेपर्यंत रोध मोजा. फर्स्टच्या नियमांत तो ३ किलोओहमपेक्षा जास्त असावा लागतो. कमी आला तर मोटरच्या वायर एकेक करून सोडवा. ज्या वायरीला आकडा उडी मारतो, ती मोटर तपासा: लांब स्क्रू, आत साचलेली कार्बनची भुकटी किंवा कडेला घासलेली वायर.

पाचवी पायरी: कोड

पूर्ण वेगानं पुढे जाणाऱ्या रोबोटला एकदम पूर्ण उलट कमांड दिली, तर मोटरचा स्वतःचा विद्युतदाब आणि बॅटरीचा दाब एकत्र येतात. सिम मोटरच्या वाइंडिंगचा रोध जेमतेम ०.०९ ओहम, म्हणजे कागदावर २६० अँपिअरच्या आसपास. बॅटरी आणि वायर यांच्या रोधामुळे प्रत्यक्षात तेवढा येत नाही, पण झटका जबरच असतो. शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत ०.२ ते ०.३ सेकंदांचा चढ ठेवा. चालवणाऱ्याला तो फारसा जाणवत नाही.

कंट्रोलरमध्ये करंट-मर्यादेची सोय असेल तर ती पहिल्याच दिवशी लावा. नसेल आणि करंट मोजता येत असेल, तर करंट जास्त आणि एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) स्थिर अशी अवस्था अर्धा सेकंद टिकली की मोटर बंद करा. रोबोटच्या हाताच्या हालचालीच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच, म्हणजे हात टेकताच मोटर थांबवणारे स्विच, हवेतच. यांत्रिक अडसरावर टेकून मोटर रेटत राहणारा हात हा कंट्रोलर संपवायचा खात्रीचा मार्ग आहे.

सामन्यांच्या मधे

रोबोट परत आला की बॅटरी काढण्याआधी कंट्रोलरच्या एकेका आवरणावर बोट ठेवा. पाच सेकंदही ठेववत नसेल तर कुठेतरी काहीतरी घासतंय: बेअरिंग जाम, साखळी जास्त ताणलेली, किंवा चाक आडवं झालेलं. एकच कंट्रोलर इतरांपेक्षा गरम असेल तर तोही इशाराच. मग बॅटरी काढून चाकं हातानं फिरवून बघा. बॅटरीचे बोल्टही हलवून बघा, कारण ढिल्या जोडणीनं दाब कोसळतो आणि कंट्रोलर पुन्हापुन्हा रीसेट होतात. मेन स्विच बंद असताना रोबोट जोरात ढकलत नेऊ नका. तेव्हा मोटर जनरेटर होते आणि कंट्रोलरचे दिवे आपोआप पेटलेले दिसतात.

आणि जळालाच, तर नवा लावण्याआधी क्रम असा: मोटर वेगळी करून टर्मिनल ते बॉडी रोध मोजा, मोटर हातानं फिरवा, स्क्रूची लांबी बघा, वायर बोटांनी चाचपा, त्या जागी कीस शोधा. जुन्या कंट्रोलरवर मार्करनं मोठी फुली आणि कारण लिहा. फुली नसलेला मेलेला कंट्रोलर सुट्या भागांच्या डब्यात परत जातो आणि कुणीतरी तोच घाईत पुन्हा रोबोटवर लावतं.