एनएफएलच्या स्टार खेळाडूंची रूकी कार्डं कशी जमवावीत

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्या खेळाडूंच्या छापील संग्राह्य कार्डांमध्ये सगळ्यात जास्त मान रूकी कार्डाला. रूकी कार्ड म्हणजे अधिकृत संचात आलेलं खेळाडूचं पहिलं कार्ड. ते पदार्पणाच्याच वर्षाचं असेल असं मात्र धरून चालू नका. जो मोंटानाला फोर्टीनाइनर्स संघाने 1979 मध्ये घेतलं, पण टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीच्या संचात तो आला 1981 मध्ये. जॉन एल्वे आणि डॅन मरिनो 1983 पासून खेळू लागले, त्यांची टॉप्स रूकी कार्डं 1984 ची आहेत.

म्हणून आधी आवडता खेळाडू ठरवा आणि त्याच्या रूकी कार्डाचं वर्ष, संच आणि क्रमांक वहीत लिहून काढा. मोंटाना: 1981 टॉप्स, क्रमांक 216. जेरी राइस: 1986 टॉप्स, क्रमांक 161. वॉल्टर पेटन: 1976 टॉप्स, क्रमांक 148. ही नोंद हाताशी असली की नंतरच्या वर्षाचं कार्ड कोणी रूकी म्हणून गळ्यात मारू शकत नाही.

अलीकडच्या खेळाडूंच्या बाबतीत नोंद थोडी वाढवावी लागते, कारण एकाच खेळाडूची कितीतरी रूकी कार्डं निघतात. टॉम ब्रेडी 2000 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, थेट 199 वा निवडला गेला. त्याचं त्या वर्षीच्या बोमन संचातलं साधं कार्ड रूकीच आणि प्लेऑफ कंटेंडर्स या संचातलं ‘चॅम्पियनशिप तिकीट’ही रूकीच. पण या दुसऱ्यावर त्याची सही आहे आणि अशी 100 च कार्डं छापली गेली. त्यातलं एक 2021 मध्ये 31 लाख डॉलरला विकलं गेलं. तेव्हा कार्ड बेस (संचातलं साधं) आहे की पॅरलल (त्याचीच वेगळ्या रंगाची किंवा चकाकीची आवृत्ती), त्यावर अनुक्रमांक आहे का, सही थेट कार्डावर आहे की चिकटवलेल्या स्टिकरवर, हे सगळं भाव विचारण्याआधी पाहा. थेट कार्डावरच्या सहीला साधारणपणे जास्त किंमत येते.

आता खरेदी. सीलबंद बॉक्स फोडण्यात मजा आहे, पण ठरावीक खेळाडू हवा असेल तर सुटं कार्डच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ईबेवर विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहू नका. ‘सोल्ड’ हा फिल्टर लावून खरोखर झालेले सौदे पाहा. क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणाऱ्या खेळाडूची, कार्डं सगळ्यात महाग असतात. बजेट बेताचं असेल तर रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) किंवा बचावफळीतले दिग्गज शोधा. संघ जिंकत असताना भाव चढतात, सीझन संपल्यावर बाजार बराच थंडावतो. घाई न करणाऱ्याला तेव्हा चांगली कार्डं मिळतात. अमेरिकेत राहत असाल तर दर उन्हाळ्यात भरणाऱ्या ‘नॅशनल’ या कार्ड संग्राहकांच्या मोठ्या मेळाव्याला जरूर जा. एकाच खेळाडूची अनेक कार्डं शेजारी ठेवून पाहता येतात आणि नजर तयार होते.

कार्डाची अवस्था चार गोष्टींवरून ठरते: छपाई मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. राइसचं 1986 चं कार्ड पाहा. त्याची किनार मैदानासारखी हिरवी आहे, त्यामुळे कडेचा जरासा रंग उडाला तरी खालचा पांढरा कागद लगेच डोळ्यात भरतो. कार्ड दिव्याखाली तिरकं धरून चारही कडांवरून नजर फिरवा. फोटोवरूनच घ्यायचं असेल तर मागच्या बाजूचा आणि चारही कोपऱ्यांचा जवळून काढलेला फोटो मागवा. देत नसेल तर सोडून द्या.

मोंटाना, मरिनो, राइस यांच्या बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे. भिंगातून पाहिलं तर अस्सल जुन्या छपाईत रंगीत ठिपक्यांची नीट जाळी दिसते आणि अक्षरांच्या कडा ठळक असतात. नकलेत त्याच कडा बऱ्याचदा पुसट दिसतात. नवख्याने महागडं कार्ड ग्रेडिंग झालेलंच घ्यावं. पीएसए, बेकेट, एसजीसी या कंपन्या 1 ते 10 गुण देऊन कार्ड प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये बंद करतात. स्लॅबही नकली निघतात, म्हणून लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर तपासा. 9 आणि 10 गुणांच्या भावात प्रचंड अंतर असतं. जुन्या कार्डासाठी मी 7 किंवा 8 गुणांचं सुचवेन. डोळ्यांना सुंदर दिसतं आणि आवाक्यातही राहतं.

सुटं कार्ड कोरड्या हातांनी कडेला धरा, आधी पेनी स्लीव्ह म्हणजे मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला आणि मगच टॉपलोडर म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये सरकवा. स्लीव्हशिवाय टॉपलोडरमध्ये घातलं तर पृष्ठभागावर ओरखडे येतात. सही असलेलं कार्ड उन्हात किंवा ट्यूबलाइटसमोर मांडू नका, शाई फिकी पडते. दमट हवेच्या गावात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा.