मुळ्याचा पाला भाजीवाल्याकडेच टाकून येऊ नका

दादर स्टेशनबाहेर मुळा घेतला की भाजीवाली मावशी विचारते, "पाला काढू का?" आणि आपण घाईत मान डोलावतो. खरं तर क जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मुळ्यापेक्षा पाल्यातच जास्त असतं! पैसे आपण दोन्हींचे मोजलेले असतात.

१. कोवळ्या, हिरव्यागार पाल्याची जुडी निवडा.

२. घरी आल्या आल्या पाला वेगळा करा. तसाच राहिला तर तो मुळ्यातलं पाणी ओढून घेतो आणि मुळा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. पाला न धुता सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा.

३. करताना दोन-तीन पाण्यांतून धुवा, मुळाशी माती फार असते. बारीक चिरून लसूण-मिरचीच्या फोडणीत परता, वरून बेसन पेरून वाफ काढा. आमच्याकडे मुलंसुद्धा ही भाजी गरम भाकरीबरोबर मागून खातात.

रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी मात्र पालेभाज्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच वाढवावं; त्यांतलं के जीवनसत्त्व त्या गोळीचा परिणाम कमी करतं.